यादीवरचे मथळे

जालन्यात इंटरनेट नुकतंच रुळत होतं, तेव्हा मी तिथल्या एका छोट्या ऑफिसात प्रोग्रामर होते. एका बियाणं कंपनीला आम्ही वेबवर चालणारा स्टॉकचा प्रोग्राम करून दिला होता. माल नोंदवायच्या पानावर 'पॅकिंगची तारीख', 'वापराची मुदत' असं स्वच्छ मराठीत होतं. डेपोवाल्यांना साठ्याची यादी दाखवणाऱ्या पानावर मात्र त्याच रकान्यांवर नुसतं डीटी-वन, डीटी-टू. प्रोग्रामच्या पोटातली नावं तशीच बाहेर आलेली. इथंही मराठी लावू, असं मी आमच्या सरांना म्हटलं होतं. ते म्हणाले, "यादीचे मथळे कोण वाचतं? इंग्रजी दिसलं की काम भारी वाटतं."

पुढं कंपनीचा जाफराबादचा डेपो सांभाळणाऱ्या बाईंनी मुदत संपलेलं हरभऱ्याचं बियाणं विकलं. कंपनीच्या शेठनी त्यांना कामावरून काढायचं ठरवून जालन्याला बोलावलं, आम्हालाही बोलावलं.

बाई एसटीनं आल्या होत्या. कुणी बसा म्हटलं नाही. "मला वाटलं दुसरी तारीख माल आल्याची असंल," त्या म्हणाल्या. "कुणी सांगितलंच न्हाई."

शेठनी सरांना विचारलं, "प्रोग्राम बराबर आहे ना?"

"बिलकुल. यांनाच वाचता आलं नाही."

माझं डोकंच फिरलं. "वाचायला लिहिलंय कुठं?" मी उठले आणि शेठच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर यादी उघडली. "यातली मुदत कोणती, सांगा."

शेठनी आधी एका रकान्यावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर.

"चूक ह्यांची न्हाई, आमची हाय," मी म्हणाले. "ह्यांना काढायचं तर आधी आम्हाला काढा." रागात माझ्या गावची, वाटूरची बोली बाहेर पडली, आणि मी ती आवरली नाही.

बाई कामावर राहिल्या. मी त्याच संध्याकाळी प्रत्येक रकान्याचं मराठी नाव एका जागी लिहिलं. नोंदीचं पान असो की यादीचं, नाव तिथूनच उचलणार. यादी रिकामी असली तरी मथळे दिसणार.

सर म्हणाले, "शेठसमोर माझी इज्जत घालवलीस. परत असं करशील?"

"करीन."

महिनाअखेरीला त्यांनी मला काढलं. वडील म्हणाले, माफी मागून टाक. मी मागितली नाही. पुढच्या ठिकाणी विचारलं, नोकरी का सुटली? मी घडलं तसं सांगितलं. त्यांनी घेतलं नाही. त्याच्या पुढच्या ठिकाणीही मी तेच सांगितलं, तेही जरा मोठ्या आवाजात. तिथं घेतलं.