आजीच्या नावावर खपवलेलं गाणं

देवघरातले देव आणि एक बाई सोडली तर हे कुणालाही ठाऊक नाही. आणि देवांनाही मी अर्धंच सांगितलंय — उरलेलं सांगायला तोंड उघडते आणि नेमकी कुकरची शिट्टी होते. तुमचा चेहरा मला दिसत नाही, ते एक बरंय. सांगते. पण थोडं फिरून फिरून सांगेन हां. सरळ सांगायला जमलं असतं तर इतकी वर्षं पोटात ठेवलं असतं का?

आधी माझी आजी. माझी आजी आयुष्यात कधी गायली नाही. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात घालायची तेव्हा तिचा आवाज अख्ख्या वाडीला ऐकू जायचा, पण त्याला गाणं म्हटलं तर कोंबड्यांना राग येईल. हे आताच सांगून ठेवलेलं बरं.

आता तन्वी. घोडपदेवला आमच्या चाळीत शेजारच्या खोलीतली पोर. इंजिनीअर झाली, नोकरीला लागली, आईबापांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि हिनं बँड काढला. एक गिटारवाला, एक त्या खोक्यावर बसून तेच खोकं बडवणारा आणि गायला ही. सिनेमातलं काही गात नाहीत, स्वतःचंच गातात. तिची आई म्हणायची, "काकी, ह्यांचं गाणं संपलं कधी तेच कळत नाही. टाळ्या वाजवायच्या कधी?" मी म्हणायचे, पोरं थांबून पाणी प्यायली की वाजव.

तर ही तन्वी एका रविवारी मोबाईल पुढे धरून बसली. "काकी, जुनी गाणी हवीत. आपल्या बायकांची. कुणी लिहून न ठेवलेली."

मला काय येतं हो? आरत्या. त्यासुद्धा दुसऱ्या कुणी सुरू केल्या तर. म्हटलं, नाही गं आठवत. ती लगेच उठली. "बरं, मग कुसुममावशींकडे जाते शिवडीला. आई म्हणते त्यांच्याकडे खजिना आहे."

कुसुम! ही कुसुम आमच्याच मजल्यावर शेवटच्या खोलीत राहायची, नंतर मुलाबरोबर शिवडीला गेली. खजिना होता, खोटं कशाला बोलू? गौरी जागवायच्या रात्री गॅलरीत आमच्या फुगड्या चालायच्या. त्यात एकमेकींवर गाणी रचायची. टोमणा गाण्यातून मारायचा, आणि जिला मारला तिनंच त्या गाण्यावर फुगडी घालायची — रुसायचं नाही, असा नियम. कुसुम उभ्या उभ्या रचायची. नाकावर, नवऱ्यावर, फसलेल्या घावण्यांवर. सगळ्या हसून लोळायच्या. मीही हसायचे. पण तिच्यासारखं एक तरी आपल्याला सुचावं, असं वाटायचं का? वाटायचं. फार वाटायचं.

म्हणून तन्वी दाराशी पोचल्यावर मी म्हटलं, "थांब गं. माझी आजी एक म्हणायची."

आणि कुसुमचं गाणं गायले.

त्यातही — कुठलं गाणं, ते सांगायचं धाडस होत नाहीये. माझ्यावरच रचलेलं! चाळीच्या नळावर मी जरा... म्हणजे रांग मोडायचे. पोराला ताप आहे, हे कामावर निघालेत, असं काहीबाही सांगून कळशी पुढे सरकवायचे. त्यावर कुसुमनं एका गौरीला रचलं —

सगळ्यांच्या कळश्या रांगेत गं,
हिची नळाखाली!
कोण गं ही महाराणी
पदर खोचून आली?

मी काय केलं? रांगेचा काठ केला, नळाची धार केली आणि महाराणीची गौराई केली. बघा, रांग मोडणारी बाई बसल्या जागी देवी झाली. तन्वीच्या अंगावर काटा आला. हात पुढे करून तिनं मला तो दाखवला. आता अंगावर काटा आलेल्या मुलीला काय सांगणार, की बाई, हे म्युनिसिपालटीच्या नळाचं आहे?

इथवर तुम्ही हसलात तरी चालेल. पुढचं एक वाक्य मात्र मी मुद्दाम बोलले. "कुसुमकडे नको जाऊस गं. तिला आता काही आठवत नाही, ऐकूही कमी येतं. कशाला त्रास?"

कुसुमला सगळं ऐकू यायचं. माझ्या मुलाच्या बारशाला आमटीत मीठ जास्त होतं, हे तर तिला अजून आठवतं.

तन्वी शिवडीला गेलीच नाही.

मग परळला एका बंद मिलच्या आवारात तन्वीचा कार्यक्रम ठरला. तिथं ही अशी स्वतःची गाणी गाणारी पोरं येतात. तिच्या आईनं चाळीतल्या जुन्या-नव्या सगळ्या बायकांना बोलावलं. खुर्च्या थोड्या, बाकी जमिनीवर मोठाल्या मऊ पिशव्या. आम्ही साड्या सावरत त्यांत बसलो ते रुतलोच. माझ्या शेजारच्या पिशवीत कोण? कुसुम.

तन्वीनं माईक घेतला. "पुढचं गाणं शंभर वर्षं जुनं आहे. काकींच्या आजीचं. सगळ्यांच्या आधी जिची कळशी धारेखाली जाते, ती गौराई म्हणजे पाण्यावरचा बाईचा पहिला हक्क!"

पोरांनी शिट्ट्या मारल्या. गाणं सुरू झालं; शब्द बदललेले, म्हणून चाळीतल्या बाकीच्या बायकांना ते ओळखू आलं नाही. मी खाली बघत होते. कुसुम काय करत होती ते बघायची छाती नव्हती. पण तिचा पाय मला दिसत होता — ठेका धरलेला. अचूक. धरणारच. चाल तिचीच ना?

मग मला स्टेजवर बोलावलं. दोन दाढीवाल्या मुलांनी ओढून पिशवीतून काढलं. शाल घातली. मी घेतली. नको म्हणायला हवं होतं. पण शाल बरी होती.

कार्यक्रम संपल्यावर तन्वी कुसुमसमोर वाकली आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मावशी! मी! तन्वी!"

"वळाखलंय गो. बोंबलतंस कित्याक?"

तन्वी गोंधळली. माझ्याकडे बघून पुन्हा तिच्याकडे वळली. "गाणं आवडलं?"

कुसुम माझ्याकडे बघत होती. रागानं नाही हो. राग असता तर परवडलं असतं. नियम पाळत होती ती. रुसायचं नाही.

"गाणा बरा आसा," ती म्हणाली. "पण दुसरा कडवा खंय गेला?"

तन्वीचे डोळे चमकले. "काकी! दुसरं कडवं आहे?"

मी नुसतं कुसुमकडे बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. तोंड उघडायचीसुद्धा गरज नव्हती. आणि मी काय बोलले? कुसुमच्या तोंडावर, खांद्यावर शाल असताना —

"नाही गं. कुसुमला आता कुठे काय आठवतंय."

कुसुम पिशवीतून उठली. चपला शोधून मुलाबरोबर गेली.

तन्वी अजून ते गाणं गाते. आधी माझ्या आजीचं नाव घेते. हे जे लिहिलंय ते तिला मी अजून सांगितलेलं नाही. तुम्ही वाचाल तेव्हाच तीही वाचेल. दुसरं कडवं आहे. मला पाठ आहे, त्यावर मी फुगडी घातलीय —

सगळ्यांचे हंडे रिकामे गं,
हिचं पिंप भरून वाही!
विचारलं तर म्हणते कशी,
मी तर पाहिलंच नाही!

दोन्ही कडवी कुसुमची. चालही कुसुमची.