नाक बघ, नाक!

सुशीलाक्कांची आणि माझी पहिली भेट झाली ती त्यांनी माझी मान धरूनच. जयलक्ष्मीपुरममधल्या आमच्या नव्या घराच्या कुंपणावरून खार पळत होती. शेजारच्या या निवृत्त जीवशास्त्राच्या बाईंनी माझी मान तिकडे वळवली आणि दरडावलं, "शेपूट काय बघतेस? मूगु नोडु! नाक बघ, नाक!" नाक आखूड होतं. "हां, खारच," म्हणत त्या हिरमुसून घरात गेल्या.

जगातल्या प्रत्येक खारीकडून अक्कांची एकच अपेक्षा होती, तिनं खार नसावं. पिरियापट्टणजवळ त्यांचा आणि धाकटे भाऊ रंगण्णा यांचा सामाईक माळ होता. मोठाले धोंडे, काटेरी झुडपं, थोडी झाडं. तिथे त्यांना एकदाच ट्री-श्रू दिसला होता. खारीएवढाच, पण पाठीवर पट्टे नाहीत, खांद्यावर फिकट रेघ आणि किडे हुडकणारं लांब, टोकदार नाक. "उंदराच्या जातीचा नाही, खारीच्याही नाही. दिवसाढवळ्या फिरतो, तरी कुणाला गोत्तु, ठाऊक आहे का? इल्ला, नाही!" हे त्या इतक्या मोठ्यानं सांगत की समोरच्या घरातली माणसं गॅलरीत येत. असल्या आवाजापुढे तो लाजरा जीव पुन्हा दिसणार कसा, हे त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती.

तंबाखू सुकवणाऱ्या भट्टीवाल्यानं माळावरची ती झाडं जळणासाठी मागितली, तेव्हा रंगण्णा लगेच तयार झाले. "अक्का, तुझं ते जनावर तुझ्याशिवाय कुणी बघितलंय काय? खारच असणार ती." अक्का भडकल्या. शेवटी पैज ठरली. रविवारी दुपारपर्यंत अक्कांनी ते दाखवलं तर झाडं राहतील, नाहीतर भट्टीत जातील.

त्या रविवारी आम्ही तिघं माळावर गेलो. अक्का सकाळपासून गप्प बसल्या. अक्का, आणि गप्प! मला तर त्यांची काळजीच वाटायला लागली. पुळियोगरेचा, म्हणजे चिंचेच्या भाताचा, डबासुद्धा त्यांनी खुणेनंच पुढे केला. ऊन चढलं तरी काही दिसेना. कंटाळून रंगण्णा आपला भात घेऊन धोंड्यापलीकडच्या सावलीत गेले. अक्कांचे डोळे भरून आले होते, आणि खरं सांगायचं तर माझेही.

इतक्यात रंगण्णा पलीकडून धावत आले. एका पायात चप्पल, हात भातानं बरबटलेला. आम्ही दोघींनी काहीच पाहिलं नव्हतं. ते नुसते गप्प राहिले असते तरी पैज जिंकले असते.

"अय्यो अक्का, खोडावरून पोटावर घसरत खाली आलं!"

अक्का उठल्यासुद्धा नाहीत. हळूच एवढंच विचारलं, "नाक?"

"लांब! अक्का, नाक लांब!" रंगण्णांनी भाताच्या हातानं स्वतःचंच नाक ओढून दाखवलं.

मग अक्कांनी अशी आरोळी ठोकली की झुडपांतले सगळे पक्षी उडाले.

झाडं राहिली, पण अक्कांना तो पुन्हा कधीच दिसला नाही. त्या गेल्या, त्याला आता वर्ष होईल. परवा रंगण्णांचा माळावरून फोन आला. काही धड ऐकू येईना, म्हणून मी म्हटलं, "जरा मोठ्यानं बोला ना!"

"नाही बोलता येत," ते कुजबुजले. "समोर धोंड्यावर बसलंय. मागं पिल्लू पण आहे! नाक बघितलं मी, दोघांचंही लांब."