दादाची खरवड

रविवारी भाताचा करपट वास आला की मला कळतं, आईने पातेलं मुद्दाम जास्त वेळ गॅसवर ठेवलंय. दादाला तळाची खरवड फार आवडायची. तो शिकायला पुण्याला गेला, त्याला तीन वर्षं झाली. मी इथल्याच कॉलेजात जाते. आई उलथन्याने खरवड सोडवते, दादाच्या वाटीत काढते, वर तूप घालते आणि वाटी हातात धरून जरा वेळ तशीच उभी राहते.

मग म्हणते, "तूच खाऊन टाक गं."

मला खरवड आवडत नाही, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.

दिवाळीत दादा आला तेव्हा त्याने वाटी हळूच बाजूला सारली. "नको आई, आता सवय गेली." तो परत गेला आणि पुढच्याच रविवारी पुन्हा तोच वास. ती वाटी बारावीतल्या दादाची आहे. तो अजून इथेच राहतो, आमच्यासोबत.

त्याच्या वाटणीचं मी मुकाट्याने खाते. मी घर सोडून गेले असते, तर आईने माझ्यासाठी काय काढून ठेवलं असतं? खूप आठवून पाहिलं. काहीच आठवत नाही.