पाठीशी बांधलेला माणूस

उंब्रजचा कृष्णात महायुद्धात फटफटीवरून पलटणीचे टपाल पोचवीत असे. सुटून आल्यावर लष्कराने विकायला काढलेली एक जुनी फटफटी त्याने घेतली. घरी आणल्यावर पहिले काम केले ते मागची गादी काढण्याचे. तिथे त्याने पत्र्याची पेटी करकचून बसवली. आई राहीबाईला वाटले, सामानाची सोय झाली. पत्नी लीलाबाईला तसे वाटले नाही. त्या गाडीवरून एकदा कुंडलला, माहेरी जावे, एवढी तिची इच्छा होती. ती विचारी, "कवा न्यायचं?" तो म्हणे, "बघू की." बघणे मात्र कधी होत नसे.

यामागचे कारण त्याने कुणालाच सांगितले नव्हते. ब्रह्मदेशाच्या डोंगरात, तापाने फणफणलेल्या गुंडा नावाच्या सोबत्याला मागे बसवून तो इस्पितळाकडे निघाला होता. गुंडाची मिठी कधी सुटली, हे इंजिनाच्या आवाजात त्याला कळले नाही. वळून पाहिले तेव्हा गादी रिकामी होती. परत फिरून शोधले, तर गुंडा दरीच्या तोंडाशी मरून पडलेला. तेव्हापासून, आपल्या मागे जो बसेल तो मरेल, अशी कृष्णातची धारणा झाली. तिला नुसती भीती म्हणणे अपुरे होईल. ती त्याने शिक्षेसारखी पत्करली होती.

सेहेचाळीस सालच्या दिवाळीनंतर तो एकटाच लांबच्या प्रवासाला निघाला. आंबोलीचा घाट उतरून मालवण गाठले, आणि तरीच्या होडीवर गाडी चढवीत, खाडीमागून खाडी ओलांडीत तो उत्तरेकडे सरकला. मुक्काम पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, राहुटीत. अशा रीतीने एका दुपारी तो गुहागरच्या किनाऱ्याला आला.

तिथे राहुटीच्या खुंट्या वाळूत ठरेनात. काळ्या रानात खुंटी ठोकायला शिकलेला हात ठोकतच राहिला. जवळच उंडीच्या झाडांखाली वडूजकडच्या एका धनगर जोडप्याचे बिऱ्हाड होते. आप्पासो आणि रंगुबाई दरसाल भावकीबरोबर मेंढरे घेऊन घाट उतरत आणि कापणी झालेल्या भातखाचरांत खतासाठी कळप बसवीत. आप्पासो बराच वेळ ही गंमत पाहत होता.

"पाव्हणं, वाळूला किती मारताय? तिनं काय केलंय तुमचं?"

"वारं लय हाय, मामा. राहुटी उडंल."

"गाव कंचं?"

"उंब्रज."

"म्हंजी उसाचं! रंगे, बघ की, उसावालं आलंय. ह्यांच्या रानात मेंढरू शिरलं की काठी घिऊन धावत्यात. हितं कसं मऊ झालंय!"

"खरं हाय, मामा. पर हितं ऊस कुठाय?"

"म्हणून तर बोलतूय!"

प्रवासात माणसांचे भेद गळून पडतात, असे म्हणण्याची पद्धत आहे. ते खरे नाही. आप्पासोच्या बोलण्यात वर्षानुवर्षांच्या काठ्या होत्या आणि कृष्णातच्या हसण्यात थोडी शरम. फरक इतकाच की, इथे राखायला बांध नव्हता. म्हणून दोघांना ते बोलून दाखवता आले.

"दगूड ठेवाय लागत्यात," म्हणत आप्पासो उठला. पडक्या गडग्यातला, दगडी कुंपणातला, एक जांभा दगड त्याने उचलला, आणि हात झटकला. दगडाखालचे फुरसे चावले होते.

हाताला सूज चढू लागली. जमलेल्या गावकऱ्यांनी सांगितले, चिपळूणला दवाखान्यात सुई मिळेल. बैलगाडीने पोचेपर्यंत मात्र उशीर होईल. सगळ्यांचे डोळे फटफटीकडे वळले.

"मी मागं कुणाला बसवत न्हाई," कृष्णात म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "मावशी, वाटंत हात सुटला तर?"

रंगुबाईने कारण विचारले नाही. "सुटंल कसा? कोकरू बांधतो तसं बांधते."

वाटचालीत व्यालेल्या मेंढीचे कोकरू धनगर घोंगडीच्या खोळीत घालून पाठीशी आवळतात. चालणाऱ्याचे हात मोकळे राहतात आणि कोकरू घसरत नाही. रंगुबाईने पेटी सोडवली, तिथे घोंगडीची घडी टाकली, नवऱ्याला बसवले. दुसऱ्या घोंगडीने दोघांना एकत्र लपेटून शेळीच्या केसांच्या दोराने छातीवरून, कमरेवरून आवळले.

"सैल हाय का?"

"श्वास घिऊ दे, बये," आप्पासो कण्हला.

लाल धुळीच्या रस्त्याने गाडी निघाली. आप्पासो कानाशी बोलत होता. "उसावाल्याच्या पाठीला धनगर बांधलाय. गावात सांगू नगंस, गड्या, सोयरीक व्हायची न्हाई तुमच्यात कुणाची." पुढे तो गप्प झाला. त्याचे डोके कृष्णातच्या खांद्यावर कलंडले आणि कृष्णातचा हात ब्रेककडे गेला. तेवढ्यात पाठीला जाणवले: मागची छाती फुगत होती, दोर ताणला जात होता, पुन्हा सैलावत होता. गुंडाच्या वेळी असे काहीच कळले नव्हते. त्याने गाडी थांबवली नाही.

दवाखान्यात गाठी सुटेनात, म्हणून कंपाउंडरने कात्री आणली. आप्पासोने डोळे किलकिले केले. "दोर कापू नगा... नवा हाय." दोर कापलाच. सुई टोचली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी विषाने हिरड्यांतून येणारे रक्त थांबले आणि डॉक्टर म्हणाले, "आता काळजी नाही."

मग कृष्णात रंगुबाईला आणायला गेला. कळप दिराच्या, नानासोच्या हवाली करून ती वाटेवरच उभी होती. ती दिसताच त्याने लांबूनच ओरडून सांगितले, "बरं हायत!" ती पदर खोचून गाडीवर चढली.

वाटेत त्याने तिला गुंडाची हकीकत सांगितली. का सांगितली, हे त्यालाही कळले नाही. ऐकून तिने विचारले:

"तुमी दोघंच हुता व्हय?"

"व्हय."

"मग बांधणार कोण? येकट्याला आपल्या पाठीला माणूस बांधता येत न्हाई, लेका. तिसरं लागतंच की."

कृष्णातच्या डोळ्यांपुढे उंब्रजचे घर आले: लीलाबाईला बांधायला तिथे आई होती. चढ लागला होता. त्याने गियर बदलला. रंगुबाई खांद्याला धरून पुढच्या गोष्टी बोलू लागली, एका लंगड्या मेंढीच्या, दिराच्या आळसाच्या.

चिपळूणला आप्पासो खाटेवर उठून बसला होता. बायकोला पाहताच तो खेकसला, "मेंढरं नान्यावर सोडून आलीस? झोपलं आसंल त्ये!"