मांडव्याच्या वाटेवरची गावं

परवा कर्जतच्या बाजारात सुक्या बोंबलांचा वास आला आणि मी मनाने थेट रेवसच्या धक्क्यावर पोचले.

आई दहिवलीच्या बाजारात भाजी विकायची. शेजारी बसणारी बोंबीलवाली कमळामावशी तिला डिवचायची, "पोरीला शिकवून काय कलेक्टर करतेस गो?"

आई म्हणायची, "बीए होऊ दे, तुज्या दारात येऊन सांगीन."

मी बीए झाले, तोवर मावशी बाजार सोडून आपल्या गावी परतली होती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पावसाळ्यात बंद असलेल्या लाँचा सुरू होताच आईने मला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला नेलं. तिथून पायी निघालो. वाळत घातलेली जाळी, नारळाच्या बागा, उन्हात चमकणारा समुद्र. पण आई तिकडे बघेचना. लागेल त्या गावात दारोदार विचारायची, "बोंबीलवाल्या कमळीचं घर कुठं हाय? माजी पोर बीए झाली, तिला सांगायचंय."

तेव्हा मी लाजेने मान खाली घालून चालले. आज तीच वाट मी ताठ मानेने आठवते.

मांडव्याला मावशी भेटली. आईच्या गळ्यातच पडली. मग म्हणाली, "अगो, मांडवा म्हणून सांगितलेलं ना तुला? मग गावोगाव विचारत कशाला फिरलीस?"

"ध्यानात व्हतं की," आई घाम पुसत म्हणाली. "पन वाटंतल्या गावांना कोन सांगनार?"