आबा आणि सोंगांचा मेळा

काही मंडळींचे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साठतात. माळ्यावरच्या गोधड्यांसारखं होतं, एक ओढायला जावं तर चार अंगावर येतात. आमच्या जळगावच्या मेळ्याचं तसंच आहे. वर्षातून एकदा तीस-चाळीस पोरंपोरी कॉमिकमधली, गेममधली पात्रं होऊन एका हॉलमध्ये जमतात. पोरं याला 'कॉसप्ले' म्हणतात. आमचे आबा, म्हणजे वडील, 'सोंग' म्हणतात.

मी यातली नव्हे. माझा धाकटा भाऊ तेजू यातला. तो, भुसावळच्या रेल्वे कॉलनीतला चेतन आणि धुळ्याची वृषाली, या तिघांनी हा मेळा सुरू केला. तेजू आता नाही. त्याच्या जागी मी जाते, आणि माझ्याबरोबर आबा येतात. हे कसं झालं ते किश्शांमधूनच कळेल.

*

पहिला मेळा डिसेंबरात एका मंगल कार्यालयात झाला, कारण दुसरा हॉल मिळाला नाही. तेजू घुबड झाला होता. कुठल्याशा कॉमिकमधला घुबडाच्या रूपातला योद्धा, डोळ्यांवर अर्धा मुखवटा, पाठीला हे एवढे पंख. दारावरच्या वॉचमनने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि रोजच्या सवयीने विचारलं, "मुलीकडचे की मुलाकडचे?"

तेजू म्हणाला, "मुलाकडचा."

वॉचमनने बाजूला होत हात केला. "मग पंगत उजवीकडे."

हे तो घरी येऊन सांगत होता आणि आई पदर तोंडाला लावून हसत होती. आबा ओट्यावर बसून होते. तेजूने त्यांना आठवडाभर आधी बोलावलं होतं, येण्याजाण्याची गाडीसुद्धा ठरवली होती. आबा म्हणाले होते, "सोंगं पाहाले मी येत नही." आणि गेले नव्हते.

*

त्या पंखांची एक वेगळीच कथा. तेजू रावेरला केळीच्या पॅकिंग हाऊसमध्ये सुपरवायझर होता. फण्यांना फण्या घासू नयेत म्हणून मध्ये पातळ फोम घालतात, त्याच्या वाया गेलेल्या तुकड्यांचं एकेक पीस त्याने कापलं होतं. चोपड्याजवळच्या आमच्या गावी तो पंख घेऊन गेला, तर आई दारातच आडवी आली. "घुबड घरमा नको."

म्हणून ते पंख माझ्याकडे जळगावला आले. दोन खोल्यांच्या घरात एका खोलीत आम्ही चौघं आणि दुसऱ्या खोलीत घुबड. माझे मिस्टर पाहुण्यांना सांगत, "मेहुणे राहायला आले आहेत, पण अर्धेच."

पुढे त्याने ते पंख सुटे केले. आणखी मोठे करायचे होते. सुट्या पिसांचं पोतं माझ्या माळ्यावर ठेवून तो श्रावणात रावेरला गेला, आणि मोटरसायकलवरून परत येताना गेला. सव्वीस वर्षांचा होता. आबांनी ते पंख एकदाही पाहिले नाहीत. फोटो दाखवायला गेलं की ते चष्मा काढून खिशात ठेवतात.

*

आता एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती आहे. आमच्या खान्देशात अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. त्याच्या जागी कुणाला तरी पितर म्हणून बोलावतात, पाय धुऊन पाटावर बसवतात आणि पोटभर जेवू घालतात. घरच्या कर्त्या माणसाने हे करायचं.

तेजू गेल्यानंतरच्या पहिल्या अखाजीला आईने सगळं मांडलं. भावकीतला एक मुलगा अंघोळ करून येऊनही बसला. आबा उठले आणि शेतात निघून गेले. संध्याकाळी आल्यावर आईने विचारलं तेव्हा त्या न पाहिलेल्या पंखांवरून एवढंच बोलले, "त्याना हातनं काम मी डोयाघाई पाह्यं नही. त्याले कोनता तोंडवरी पाणी देऊ?"

त्या वर्षी तेजूची घागर राहिली. माझ्या आईला झोपेतसुद्धा वाटायचं की पोरगा तहानलेला आहे. मला या गोष्टी पटतात की नाही ते सोडा, तिचं तोंड बघवत नव्हतं.

*

त्या डिसेंबरात आबाच मला म्हणाले, "तो मेळा कवय शे?"

मी तारीख सांगितली आणि त्या दिवशी त्यांना घेऊन गेले. धोतर, टोपी, हातात काठी. दारातल्या टेबलावर बसलेल्या मुलीने विचारलं, "काका, कॅरेक्टर कुठलं?" मी काही बोलणार तोच तिने गळ्यात पास अडकवून आत सोडलंसुद्धा.

संध्याकाळी बक्षिसं जाहीर झाली. परीक्षक बाहेरगावचे होते. वेशभूषेचं तिसरं बक्षीस आबांना! म्हणे बारकावे फार अस्सल आहेत, चप्पलेवरच्या चिखलापर्यंत विचार केलेला आहे.

आबांच्या हातात माईक दिला. ते शांतपणे म्हणाले, "मी सोंग नही लेयेल, भो. मी असाच शे."

हॉल उठून टाळ्या वाजवायला लागला. आबा बक्षिसाच्या ढालीकडे बघत उभे राहिले. नंतर मला म्हणाले, "हाई तेजूले भेटेल व्हती का कधी?" मी खोटं सांगितलं, हो म्हणाले.

*

चेतनचा किस्सा त्याच दिवसाचा. तो यंत्रमानव झाला होता, पुठ्ठ्याचा आणि पत्र्याचा. भुसावळहून एसटीने आला. बसायला गुडघे वाकेनात म्हणून सगळा रस्ता दारापाशी उभा राहिला. कंडक्टरने विचारलं, "हे सामान कुणाचं?"

आतून चेतन म्हणाला, "मीच आहे."

"मग उतरायचं कुठे ते सामानाने सांगावं."

हे चेतनच्या तोंडून ऐकून आबा हसले. वर्षा-सव्वा वर्षात मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. दात दिसले, खांदे हलले. मग एकदम उठून बाहेर गेले. बराच वेळ झाला म्हणून मी शोधायला गेले, तर नळापाशी उभे राहून तोंड धूत होते. धूतच होते. मी नळ बंद केला आणि माझा पदर पुढे केला.

*

वृषालीला कुठे काय बोलावं हे कळत नाही, पण मन सोन्याचं. तिने भाकरीच्या पिठाने चिकटवलेला मुकुट एकदा मुंग्यांनी डोक्यावरच फस्त केला होता, त्यावरून तिची ओळख पटावी. निघताना ती आबांच्या पाया पडली आणि सहज म्हणाली, "आबा, पहिल्या मेळ्याला तेजसने तुमच्यासाठी पुढच्या रांगेत खुर्ची धरली होती. रुमाल टाकून. संध्याकाळपर्यंत कुणाला बसू दिलं नाही."

मला तिचं तोंड दाबावंसं वाटलं. आबांनी नुसती मान हलवली.

मी त्यांना गावी पोचवायला निघाले, तेव्हा बसमध्ये धरणगाव मागे पडेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "रुमाल कोनता रंगना व्हता, ते इचारं का तू?"

*

आणि आता या वर्षीचा. डिसेंबरात जमलं नाही म्हणून पोरांनी कॅलेंडरवर सुट्टी बघून मेळ्याची उन्हाळ्यातली तारीख ठरवली, आणि ती नेमकी अखाजीची निघाली. वृषालीला तिच्या आईने फोनवर अशी झाडली की विचारू नका. पण कॉलेजचा हॉल ठरला होता, काही बदलता येईना.

मी सणाला गावी गेले होते. सकाळी आबा तयार होऊन ओट्यावर उभे. "चाल, जळगावले जावानं शे." खापरावरचे मांडे, आमरस, कुरडया, सगळं आईने डब्यात भरून माझ्या हातात दिलं आणि दाराला टेकून उभी राहिली. आबांच्या मांडीवर बसभर एक नवं कोरं मडकं होतं, तोंडाला फडकं बांधलेलं. ऊन फार म्हणून पाणी घेतलं असेल, असं मला वाटलं.

हॉलमध्ये नुसती भट्टी. रंग वितळत होते, मिशा गळत होत्या. दुपारी जेवायच्या वेळेला दारातून एक घुबड आत आलं.

तेच पात्र. तोच अर्धा मुखवटा, तसेच पंख. पोरगा कुठला, कोण, आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. वीस-एकवीसचा असेल. चेतन जागच्या जागी थांबला. वृषालीने माझा दंड धरला.

आबा सरळ त्याच्याकडे गेले. "आज आमना पाव्हना व्हशी का?"

पोराला वाटलं फोटो हवाय. "हो काका, या ना."

"फोटो नही. जेवाले बस."

आबांनी त्याला बूट काढायला लावले. मडक्याचं फडकं सोडलं, त्याच्या पायांवर पाणी घातलं आणि टोपी काढून त्या टोपीने पाय पुसले. आजूबाजूला लोकांनी मोबाईल काढले, कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. त्यांना वाटलं हाही कार्यक्रमातलाच भाग. मी वर्तमानपत्रावर पान मांडलं. वाढताना आमरस पानाबाहेर सांडला.

पोरगा मुखवटा काढायला लागला. "राहू दे," आबा म्हणाले. तो तसाच जेवायला बसला. आबांनी त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि तो पूर्ण रिकामा होईपर्यंत बघत राहिले. मग समोर मांडी घातली, खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि पंखाचं एकेक पीस बोटाने उचलून पाहू लागले.

"हाई बनाडाले कितला दिन लाग्नात रे तुले?"

"चार महिने, काका."

"घरमा कोन्ही पाह्यं का?"

पोरगा घास हातात धरून थांबला. "नाही. अजून कुणी नाही."

"मी पाही ऱ्हायनू ना," आबा म्हणाले. "तू जेव."