घमेल्याखाली कोण आहे

नंदी पहाटे गेली, आणि सकाळी पहिला फोन आला तो तिच्या वैऱ्याचा.

रडत होता राव! मला वाटलं, चला, उशिरा का होईना, माणूस सुधारला.

कसला सुधारतोय. जित्याची खोड ती.

ज्यांना नंदी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नंदी डोंगरातल्या तळेघरची. जुन्नरला बारावीला आम्ही हॉस्टेलवर रूम पार्टनर. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. ती चित्रं काढायची, मी तिचे ब्रश धुवायचे.

आणि हा वैरी आमच्याच वर्गातला, कळंबकडचा. घरी शर्यतीचा बैल, शिवा. शिवाचा याच्याएवढा फॅन पंचक्रोशीत नव्हता. खिशात कायम बैलाचा फोटो.

नंदीच्या डब्यात नाचणीची भाकरी असायची. म्हणून हा तिला "ए नाचणी" म्हणायचा. वर्षभर. वर्ग हसायचा.

सेंड-ऑफला आम्ही गिफ्टसाठी चिठ्ठ्या टाकल्या. ज्याचं नाव येईल त्याला आवडेल असं काहीतरी स्वतःच्या हातानं बनवून द्यायचं.

नंदीला नेमकी याची चिठ्ठी आली.

मी म्हटलं, "शिवाला चिखलात लोळताना काढ. जिरव एकदाची त्याची."

"बैलानं माझं काय वाकडं केलंय गं?"

मला घेऊन एसटीनं त्यांच्या गावच्या यात्रेला गेली. शर्यतीच्या घाटात उन्हात उभं राहून शिवाची बारी, म्हणजे त्याची धाव, पाहिली. मग कार्डशीटवर पोस्टर कलरनं शिवा उतरवला. वशिंड, शिंगांचे गोंडे, अंगावर उधळलेला भंडारा, सगळं.

आणि खास त्याच्यासाठी म्हणून शेजारी तोच, शिवाच्या पाठीवर हात टाकून उभा. इतका देखणा काढला होता की मलाच राग आला.

सेंड-ऑफला त्यानं वरचा कागद फाडला.

चित्र सगळ्यांना दाखवत म्हणाला, "बैल झकास. पण ह्यो मी? असलं काळं ध्यान तुमच्या डोंगरात असतंय. आन् नाचणीचा वास मारतोय. आमच्या गोठ्यात बी लावता यायचं न्हाई."

पोरं खिदळली.

नंदी रडली नाही हं. "आण इकडं," म्हणाली.

बॅगेतनं रंग काढले आणि तिथंच बेंचवर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, त्याला झाकून टाकला. त्याच्या जागी काढलं एक घमेलं. शेणानं शिगोशीग भरलेलं.

"घे. आता लाव गोठ्यात."

वर्ग परत हसला. या वेळी त्याला.

त्यानं ते फाडलंच असतं. पण त्याचे वडील, तात्या, त्याला न्यायला आले होते. तात्यांनी चित्रातला शिवा पाहिला आणि बघतच राहिले. पोरांनी घमेल्याची गोष्टही सांगितली.

तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ दे. बैल हाय तिथं शेण आलंच."

फ्रेम करून ओसरीवर लावलं. दर यात्रेला आल्यागेल्याला सांगायचे, "पावणं, ह्या घमेल्याखाली आमचं चिरंजीव हायेत."

लई गोड वाटायचं ऐकायला. अजून वाटतं.

पुढं शिवा गेला. हा नंदीच्या मागं लागला, मला परत काढ म्हणून. मागच्या महिन्यात हॉस्पिटलातही आला. "पोरं इचारत्यात, पप्पा चित्रात कुठंयत?"

नंदीला धाप लागत होती. तरी म्हणाली, "कधी माफी मागितलीस?"

"एवढ्या वर्सांनी कसली माफी? गंमत व्हती ती."

नंदीनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

आणि आज सकाळी रडणं आटोपल्यावर मला म्हणतो, "पुण्यात एक जण वरचा रंग खरवडून देतो. पण तात्या म्हणत्यात, नंदीच्या जवळच्या कुणी हो म्हटल्याबिगर फ्रेम उतरायची न्हाई. तू तेवढं हो म्हण की."

अरे, तिला अजून घराबाहेरही काढलं नव्हतं!

मी फोन आपटला. उत्तर इथं देते, कारण तूही तिला सगळ्यांसमोरच बोलला होतास.

न्हाई.

कळंबकडचं कुणी वाचत असेल तर तात्यांना वाचून दाखवा. फ्रेम हलवू नका. तुमच्या लेकाला तिनं शिवाशेजारी मानानं उभं केलं होतं. ती जागा त्यानं आपल्या तोंडानं घालवली.

नंदे, तू जा गं निवांत. मी जिवंत आहे तोवर त्या घमेल्याला कुणी हात लावत नाही.